तेलडेपोच्या फाटकावरची टोपली

आमच्या घरी दिवाळीच्या पणत्या मी लावत नाही. वाती वळून देतो, तेल घालून देतो, पण काडी ओढायची वेळ आली की बायको माझ्या हातून काडेपेटी काढून घेते. तुमच्या हातची काडी पेटतच नाही, असं तिचं म्हणणं. ते खरं आहे. काडीला नीट ज्योत धरायच्या आतच मी ती हवेत झटकून विझवतो. उभा जन्म घासलेटच्या डेपोत गेला, हाताला वळणच तसं पडलं. सून नवी होती तेव्हा जेवणं आटोपली की मी स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह हुंगतो हे पाहून ती बिचारी घाबरली होती. आता तिलाही सवय झाली आहे. मी हुंगून येतो आणि कोणी काही बोलत नाही.

ओळखीतल्या एका संपादकांनी दिवाळीच्या अंकासाठी नोकरीतलं काही लिहा म्हणून लकडा लावला. मी म्हणालो, कंपनीचं नाव लिहिणार नाही, साहेबांचंही नाही. कंपनी अजून चालू आहे, आणि म्हातारपणी मला कोणाशी भांडण नको. ते म्हणाले, चालेल. मग आता ऐका.

बाहेरच्या माणसाला तेलाचा डेपो म्हणजे एक मोठी लोखंडी टाकी आणि वास, एवढंच ठाऊक असतं. काम तसं साधं होतं. अकोल्याला स्टेशनच्या मागे, मालगाड्यांच्या आडरुळावर, घासलेट भरलेल्या वाघिणी येऊन उभ्या राहायच्या. नळ जोडून त्यांतलं तेल आमच्या मोठ्या टाकीत ओढून घ्यायचं. टाकीतून चौकोनी पत्र्याच्या डब्यांत भरायचं, डब्याच्या तोंडाला कथलाचा डाग देऊन ते बंद करायचं, आणि डबे बैलगाड्यांवर चढवायचे. गाड्या मग अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर अशा चारी वाटांनी निघायच्या. वऱ्हाडातल्या ज्या झोपडीत संध्याकाळी चिमणी लागायची, तिच्यातलं तेल कधी ना कधी माझ्या नाकाखालून गेलेलं असायचं. याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. लोक मला तेलमास्तर म्हणायचे. तेही मला आवडायचं.

पुढे मोटारी आल्या, त्यांच्यामागून पेट्रोल आलं, आणि माझ्या जिवाची शांती गेली ती गेलीच. घासलेट हा तसा सज्जन पदार्थ. परातभर घासलेटात जळती काडी पडली तर एखादे वेळी काडीच विझते. पेट्रोलचं तसं नाही. त्याला तुम्ही आगीकडे न्यावं लागत नाही, ते स्वतःच आग शोधत जातं. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती जड असते, जमिनीलगत सरपटते, खोलगट जागी साचून राहते. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट ही की भरलेल्या डब्यापेक्षा रिकामा डबा वाईट. भरलेला पेटतो. रिकाम्यात उरलेली वाफ हवेत मिसळते आणि ठिणगी मिळाली की डबा फुटतो. हे मी नोकरीभर लोकांना सांगत आलो. लोक मान हलवायचे आणि रिकामा डबा काखोटीला मारून घरी न्यायचे.

डब्याचं वेड तरी किती असावं. पाणी भरायला डबा, तूप ठेवायला डबा, तुळस लावायला डबा, पत्रा उलगडून छपराला डबा. मुलीच्या रुखवतात भांड्यांच्या शेजारी घासूनपुसून चकचकीत केलेला घासलेटचा डबा मांडलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि वरमाय तो कडीला धरून उचलून पारखत होती.

डेपोच्या फाटकावर रहीमभाई नावाचे चौकीदार होते. पलटणीतून आलेले, मेंदी लावलेली दाढी, आवाज खणखणीत. त्यांच्या स्टुलाजवळ बांबूची एक टोपली असायची. आत येणाऱ्यानं काडेपेटी, बिडी, चिलीम, चकमक जे काय असेल ते त्या टोपलीत टाकायचं, खिळे मारलेल्या वहाणा बाहेर काढायच्या आणि मग पाऊल आत घालायचं. वहाणेच्या खिळ्याची फरशीवर ठिणगी उडते म्हणून. गाडीवान हसायचे, म्हणायचे, देवळात तरी नुसत्या वहाणाच काढाव्या लागतात. रहीमभाईंचं एकच वाक्य होतं, “आग टोकरी में, फिर आदमी अंदर.”

एकदा नांदगाव खंडेश्वराकडचे एक देशमुख नवी मोटार घेऊन आले. तोंडात चिरूट. पेट्रोल स्वतः पारखून घेणार म्हणाले. रहीमभाईंनी टोपली पुढे केली. देशमुखांचा पारा चढला, आपण कोण आहोत ठाऊक आहे का वगैरे झालं. रहीमभाईंनी फाटकाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली आणि नमाजाला निघून गेले. मी आतून पाहत होतो आणि मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता. देशमुख चिरूट संपेपर्यंत उन्हात उभे राहिले. तोवर रहीमभाई परतले, कुलूप काढलं, आणि देशमुखांनी थोटूक स्वतःच्या हातानं टोपलीत ठेवलं. ते विझलेलं आहे की नाही हे पाहायला मी अनवाणी धावलो, कारण टोपली बांबूची होती हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं सांगतो. डेपोच्या कुंपणाला लागून माळीपुरा होता. फुलं, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारी घरं. शेवंतीचे वाफे, मोटेची विहीर, आणि वाफ्यांच्या टोकाला एक मोकळी जागा. ती त्यांच्या होळीची. कंपनीनं टाकी उभी केली तेव्हा नकाशावर ती जागा ‘पडीत’ म्हणून दाखवली होती. वर्षातले बाकीचे दिवस ती पडीत असायचीही. पण माघ सरता सरता तिथं लाकडं पडायला लागायची, पोरी शेणाच्या चाकोल्या थापून, मधे भोक पाडून, दोरीत ओवून माळा करायच्या, आणि माझं अन्न गोड लागेनासं व्हायचं. कुंपणापासून ती जागा इतकी जवळ होती की होळीची धग आमच्या पत्र्याच्या शेडला हात लावून कळायची.

होळी पेटवायचा मान तुळशीराम माळी यांच्या घराण्याचा. माझ्याहून वयानं मोठे, काळेसावळे, बोलायला सावकाश. कमरेला चकमकीची पिशवी, तीत गारगोटी, पोलादाची पट्टी आणि सावरीचा कापूस. काडेपेटीवर त्यांचा विश्वास नव्हता, ओलाव्यानं बिघडते म्हणायचे. भाजी घेऊन माझ्याकडे यायचे तेव्हा ती पिशवी रहीमभाईंच्या टोपलीत न सांगता ठेवायचे. दर साली होळीच्या आधी मी त्यांच्याकडे जायचो, चहा व्हायचा, आणि मी तेच बोलायचो, की तुळशीरामभाऊ, होळी जरा पलीकडे न्या. ते दर साली तेच ऐकायचे आणि तेच उत्तर द्यायचे.

“मास्तर, आमची होळी आमच्या आज्यापंज्यापासून इथंच पेटते. तुमची टाकी काल आली. आता कोनं कोनाले हलवावं, तुमीच सांगा.”

मी वर कळवायचो, वरून यायचं की होळीची जागा बदलून घ्या. मी पुन्हा माळीपुऱ्यात जायचो. होळी हलत नव्हती, टाकी हलत नव्हती, दोघांच्या मधे मी तेवढा हलत होतो. होळीच्या दिवशी दुपारपासून आम्ही कुंपणाच्या कडेची जमीन भिजवायचो, वाळूच्या बादल्या मांडायचो, ओली गोणपाटं घेऊन माणसं उभी करायचो. मी टोपीखालचा घाम पुसत वाऱ्याकडे बघत राहायचो. ठिणगी कुठे चालली, एवढंच माझं होळीचं दर्शन. पुरणपोळी मी धुळवडीला शिळी खायचो.

तुळशीरामांचा धाकटा भाऊ दगडू. हार गुंफण्यात त्याचा हात धरणारा अकोल्यात कोणी नव्हता, बोटं दिसायची नाहीत इतकी चालायची. आणि तीच बोटं डफावर. माळीपुऱ्याची होळी म्हणजे दगडूचा डफ, असं समीकरणच होतं. डफ वाजवायच्या आधी तो शेकावा लागतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. कातडं सैल असतं, आगीपुढे धरून फिरवलं की ताणतं आणि मग बोलायला लागतं. दगडू होळीजवळ उकिडवा बसून डफ शेकायचा तेव्हा बायाबापड्या गप्प व्हायच्या. आता वाजणार म्हणून.

एका साली त्याच्या डफाचं कातडं उंदरानं कुरतडलं. होळी तर आली. त्यानं काय केलं, मोटार स्टँडवर एका ड्रायव्हरच्या ओळखीनं एक रिकामा डबा आणला. होळीला डबे बडवायची रीत होतीच, पोरंटोरं बडवायचीच. हा डबा पेट्रोलचा होता, झाकण फिरकीचं, आणि ते नुसतं टेकवलेलं होतं.

मी कुंपणाआडून सगळं बघत होतो. होळी पेटली, ज्वाळा वर गेली, बोंब झाली. वारा त्या दिवशी आमच्याकडून तिकडे होता, मी जरा निर्धास्त होतो. दगडू पुढे आला, डबा दाखवून त्यानं काहीतरी गंमत केली, लोक हसले. मग तो होळीजवळ उकिडवा बसला आणि डबा आगीपुढे धरून फिरवू लागला. डबा शेकावा लागत नाही हे काय त्याला कळत नव्हतं? पण वाजवायच्या आधी शेकायचं, हे त्याच्या हातांना माहीत होतं. हात आपलं काम करत होते. मी ओरडलो असेन. बोंबा चालल्या होत्या, होळीच्या दिवशी ओरडणाऱ्याकडे कोण बघतो.

आवाज असा झाला की आमच्या शेडचे पत्रे थरथरले. टाकी जागेवर होती. वाळूच्या बादल्या जागेवर होत्या. एक ठिणगीसुद्धा कुंपणाच्या आत आली नाही. दगडूच्या उजव्या हाताची बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला, आणि एक कान कायमचा बंद झाला. आम्हीच त्याला आमच्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दवाखान्यात नेलं. रहीमभाई गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि वाटभर तो त्यांना एकच विचारत होता, डबा कोनाचा व्हता, त्याले भरून द्या लागन का.

मग म्युनिसिपालिटीत सभा झाली. इतकी वर्षं डेपो गावात असावा की नसावा हा विषय दर निवडणुकीला निघायचा आणि बुडायचा, या वेळी तो खुर्चीवर येऊन बसला. एक वकील सभासद डेपो ताबडतोब गावाबाहेर न्या म्हणाले, आणि चांगलं पोटतिडकीनं बोलले. तेलाचे एक आडते सभासद म्हणाले, लांब नेला तर गाडीभाडं वाढेल आणि गरिबाची चिमणी महाग होईल. हेही खोटं नव्हतं. कंपनीचे साहेब मुंबईहून आले होते. त्यांनी दुभाष्याकरवी सांगितलं की डेपो झाला तेव्हा तिथं शेतं होती, घरं आपल्या पायांनी चालत डेपोकडे आली. हे अर्धं खरं होतं. गाडीवानांच्या झोपड्या, डाग देणाऱ्यांची घरं, चहाची दुकानं डेपोमुळेच आली. माळीपुरा मात्र आधीचा. आणि शेवटी साहेब म्हणाले, डबा मोटार स्टँडचा, आग होळीची, यात डेपोचा संबंध कुठे येतो?

तुळशीराम मागच्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, “साहेब, डब्यात व्हतं काय मंग?”

साहेबांनी भाषांतर करून घेतलं आणि म्हणाले, काही नव्हतं, डबा रिकामा होता. सभेत दोघंतिघं हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं आणि अजून माझं डोकं फिरतं.

अध्यक्षांनी मला एकच प्रश्न विचारला, होळीची जागा हलवली तर डेपो सुरक्षित होईल का. मी म्हणालो, होळी वर्षातून एक दिवस पेटते, चुली रोज पेटतात. डेपोला खेटून आता माणसांच्या चुली आहेत, आणि त्या डब्यात जे होतं ते आमच्याच फाटकातून गेलेलं होतं. साहेब माझ्याकडे पाहत होते. सभेनं एक पोटसमिती नेमली. समितीचं काय झालं मला सांगता येणार नाही, कारण लौकरच माझी अमरावतीला बदली झाली.

अमरावतीचा डेपो आणखी एक मासला होता. एका अंगाला जिनिंग-प्रेस, कापसाच्या हंगामात हवेत रुई तरंगायची आणि आमच्या कुंपणाच्या तारांवर पांढरी दाढी साचायची. ती मी स्वतः झाडूनं झाडत फिरायचो. हाताखालचे लोक म्हणायचे, मास्तरांना अंगातली खोड स्वस्थ बसू देत नाही. पण तिथंच माझ्या डोक्यातला एक गैरसमज फिटला. तोवर मला वाटायचं, डेपो गावाबाहेर नेला की सुटलो.

एका बाजारपेठेतून जाताना मला घासलेटचा वास आला. नाक मला कधी फसवत नाही. वासामागून जात एका किराणा दुकानात शिरलो. दुकानदार मोठा गोड माणूस, त्यानं खुर्ची दिली, पान दिलं, वास कसला ते त्याला काही सांगता येईना. मागच्या जिन्याखाली पडदा होता. पडदा सारला तर भिंतीपर्यंत डबे. वर बाळाचं रडणं ऐकू आलं. विचारलं तर म्हणाला, सून बाळंतीण आहे. मी जिन्यावर अर्धा चढून पाहिलं. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, खाटेवर ती पोर झोपलेली, आणि खालच्या फळ्यांना बोटभर फटी. शेगडी उचलून मीच रस्त्यावर नेऊन ठेवली आणि त्याची बायको माझ्यामागे धावली, सुनेचा शेक मधेच का थांबवला म्हणून मला शिव्या देत.

दुकानदाराचं म्हणणं मात्र मला विसरता येत नाही. तो म्हणाला, डेपोत लौकर पाळी येत नाही, मंग माल घरात नाही ठेवावं तं कुठं ठेवावं. म्हणजे डेपो जवळ ठेवा तर एका जागी सगळं गाव टांगणीला, लांब न्या तर तेल जिन्याखाली घराघरांत. कोणी मला विचारलं असतं की मग उपाय काय, तर मला सांगता आलं असतं की लांबही न्या आणि पुरवठाही बांधून द्या, आणि जिथं नेलं तिथं वस्ती होऊ देऊ नका. पण ही तीन कामं झाली. आपल्याकडे एक काम केलं की हात झटकतात.

पुढच्या फाल्गुनानंतर तुळशीराम अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीला आले. माझ्या डेपोच्या फाटकावर आले, टोपली होतीच, चकमक टोपलीत ठेवली आणि आत येऊन माझ्यापुढे बसले. बराच वेळ दगडूचं बोलत होते. तो आता डाव्या हातानं आणि पायाच्या अंगठ्यात दोरा धरून हार करतो, पण त्याच्या मनासारखे होत नाहीत, रागानं तोडून फेकतो. मग म्हणाले, “होळी हलवली मास्तर.”

मला खरंच वाटेना. त्यांनी सांगितलं की जुन्या जागेवर चार चाकोल्या पेटवल्या, तो विस्तव मडक्यात घेतला आणि बागेच्या पार पलीकडच्या टोकाला नेला. तिथं त्यांचा शेवंतीचा सगळ्यांत चांगला वाफा होता. तो मोडून जागा केली. मी विचारलं, लोकांनी ऐकलं कसं. ते म्हणाले, “दगडू म्हने, मले तिकडं पाहवत नाही. आता देवाचं काय हाय, देव कुठंबी बसून राह्यते. टाकीलेच जागा लागते.”

मी त्यांच्यापुढे मान वर करू शकलो नाही. मी काही वाईट केलं होतं म्हणून नव्हे. ज्याचं आधीचं होतं तो उठला आणि जे मागून आलं ते बसून राहिलं, म्हणून. त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो, चकमक त्यांच्या हातात दिली, आणि दुपारभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

मधे लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर गेलं, डेपोवर शिपायांचा पहारा बसला, आणि डेपो हलवण्याची गोष्ट काढणंच देशद्रोह ठरलं. लढाई संपली तेव्हा माझी अकोल्याला परत बदली झाली. रहीमभाई तोवर गेले होते. टोपली तीच होती, बुडाला पत्रा ठोकलेली. आणि नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना, एक दिवस हुकूम आला की डेपो हलणार. मला आनंद झाला. मग कारण कळलं. माणसांच्या जिवासाठी नव्हे, रेल्वेला मालधक्का वाढवायचा होता. इतकी वर्षं जे होळीनं, दगडूच्या बोटांनी आणि सभेतल्या भाषणांनी झालं नाही ते दोन रुळांनी केलं. पण झालं. नाल्यापलीकडे, चांगल्या उघड्या शेतात नवी टाकी उभी राहिली. नव्या साहेबांच्या हाती किल्ल्या देऊन मी निवृत्त झालो.

त्या सालच्या होळीला तुळशीराम काठी टेकत माझ्या घरी आले. म्हणाले, “चला. होळी आपल्या जागेवर चालली.”

आम्ही दोघं सावकाश चालत गेलो. संध्याकाळ होती. टाकी जिथं होती तिथं गोल डाग राहिला होता, काळ्या जमिनीत कुठंही माजणारं कुंद्याचं गवतसुद्धा तिथं उगवलं नव्हतं. मालधक्क्याचं काम अजून लांब होतं, कुंपण काढलेलं, फाटक नेलेलं. आणि फाटक जिथं होतं बरोबर तिथं तुळशीराम थांबले, कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या हातात दिली. मीही ती घेतली, कोटाच्या खिशात टाकली, आणि आम्ही पुढे गेलो. आपण काय केलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. विस्तव पलीकडच्या जागेवरून मडक्यात आला होता, चकमक लागलीच नाही.

दगडू आला होता. डोक्याचे केस पांढरे, काखेत नवा डफ. तो होळीपुढे उकिडवा बसला आणि डाव्या हातानं आणि उजव्या अंगठ्यानं डफ धरून शेकू लागला. मी नकळत दोन पावलं पुढे झालो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि डफ उलटा करून आतली मोकळी बाजू दाखवली. “पाहून घ्या मास्तर. कातडंच हाय.” लोक हसले, मीही हसलो आणि डोळे पुसले. मग त्यानं वाजवला. पहिल्यासारखा नव्हता. पण वाजवला.

परतताना तुळशीरामांनी सहज विचारलं, “नवी टाकी नेली तिथं कोनाची होळी हाय, इचारलं व्हतं का कोनी?”

नकाशा मी पाहिला होता. नकाशावर ती जागा पडीत होती.

धुळवडीला सकाळीच मी नाल्यापलीकडे गेलो. डेपोमागोमाग गाडीवानांच्या झोपड्या आल्याच होत्या, चहाचं दुकान लागलं होतं, डाग देणाऱ्यानं पाल ठोकलं होतं. पुढे कोण्या गावची जुनी वाट होती. आणि वाटेच्या कडेला, नव्या कुंपणापासून हाकेच्याही आत, राखेचा मोठा गोल. कडेला अर्धवट जळलेल्या चाकोल्यांची माळ पडली होती. मी खाली बसून राखेत हात घातला. आत अजून धग होती.

मी तसाच उठून फाटकाकडे निघालो, साहेबांना सांगायला. साहेब सुटीवर होते हे मला नंतर कळलं. चौकीदार नवा होता, त्यानं मला ओळखलं नाही. टोपली पुढे केली आणि विचारलं, बिडी-काडी काही आहे का. उभ्या नोकरीत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सवयीनं नाही म्हणालो आणि कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला तुळशीरामभाऊंची चकमक लागली.

मी ती टोपलीत ठेवली, वहाणा काढल्या आणि आत गेलो.